पावसाळ्यात लॉनवर पडणारे तपकिरी डाग: आधीच काय करावे?

प्रश्न (खारघर, रो-हाउस)

आमच्या घरापुढे सुमारे 300 चौरस फुटांचे मेक्सिकन लॉन आहे. गेल्या जुलैत त्यावर आधी तळहाताएवढे आणि पंधरवड्यात ताटाएवढे तपकिरी गोल डाग पडले. गवत पिवळे पडते आहे असे समजून माळ्याने युरिया टाकला, त्यानंतर डाग अधिकच झपाट्याने पसरले. यंदा पावसाला दीड महिना अवकाश आहे. फवारणीवर विसंबून न राहता रोग येऊच नये म्हणून आतापासून काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (ठाणे, घोडबंदर रस्ता)

वर्णनावरून हा रायझोक्टोनिया बुरशीचा रोग वाटतो. रात्रीचे तापमान 20 अंशांच्या वर आणि पाते सलग दहा-बारा तास ओले, एवढे मिळाले की तो फैलावतो. आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीचा पारा बहुधा 24-25 अंशांच्या आसपासच असतो, तेव्हा त्याला इलाज नाही. आपल्या हाती उरतात ते पात्यांचा ओलेपणा आणि खत. उघडीप असताना पाणी द्यावेच लागले तर पहाटे द्यावे, कारण संध्याकाळी दिलेले पाणी दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत पात्यांवर राहते. युरियाने पाते लुसलुशीत होते आणि बुरशीला तेच हवे असते. म्हणून मेच्या मध्यापासून पाऊस ओसरेपर्यंत युरिया बंद ठेवावा. (माळ्याला हे पटवणे रोग आवरण्यापेक्षा अवघड आहे, हे अनुभवाने सांगतो.)

उत्तर 2 (नेरूळ)

वरील उत्तराशी सहमत आहे, पण मूळ दुखणे बहुतेक वेळा मातीखाली असते. इमारतीचा राडारोडा दाबून त्यावर चार बोटे लाल माती पसरलेली असेल, तर पाणी मुरायला जागाच उरत नाही. मे महिन्यात काटेरी फावड्याने 8 ते 10 सेंटिमीटर खोल छिद्रे पाडून त्यांत रेती व चाळलेले शेणखत भरावे. मेक्सिकन गवत गादीसारखे फुगते आणि त्याखाली वाळलेल्या काड्यांचा थर साचतो. तो बोटभर जाडीचा झाला असेल तर दाताळ्याने विंचरून काढावा. कापणी गवत कोरडे असतानाच करावी आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. माळ्याचे यंत्र चार बंगल्यांत फिरून आपल्याकडे येते, तेव्हा त्याची पाती आधी धुऊन घ्यावीत.

उत्तर 3 (ठाणे, पाचपाखाडी)

डागाच्या जागी गवत मुठीत धरून ओढून पाहावे. ते सतरंजीसारखे उचलले गेले, तर मुळे हुमणीने (मातीत राहणाऱ्या पांढऱ्या अळीने) खाल्ली आहेत असे समजावे. तेथे बुरशीनाशकाचा काहीही उपयोग नाही. औषधाच्या बाबतीतही रोग ओळखल्याशिवाय फवारू नये. सरसकट वापरले जाणारे कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या कुजीवर चालत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आज गेल्या वर्षीचे फोटो काढून जागा ताडून पाहिल्या, तेव्हा तीन मोठे डाग गच्चीच्या पाइपचे पाणी पडते त्याच पट्ट्यात असल्याचे दिसले. पाइप थेट गटारापर्यंत नेण्यासाठी प्लंबरला रविवारी बोलावले आहे. छिद्रे पाडण्याचे काम त्यानंतर.