गोचं फ्लॅग पॅकेज 'सगळ्याला पुरतं' म्हणणाऱ्यांसाठी

ऐरोली_नाइटशिफ्ट

नवख्यांसाठी आधी दोन शब्द: गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा. फ्लॅग म्हणजे कमांडमध्ये डॅश लावून लिहिलेला पर्याय, सबकमांड म्हणजे टूलच्या नावापुढचा कामाचा शब्द, ओएस.आर्ग्ज म्हणजे कमांडमधल्या शब्दांची यादी, फ्लॅगसेट म्हणजे एका सबकमांडच्या फ्लॅगांचा संच, आणि कोब्रा हे हेच काम करणारं बाहेरचं पॅकेज. काल इथेच एका सभासदाने लिहिलं होतं: "गोच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं फ्लॅग पॅकेज सगळ्याला पुरतं. सबकमांड हवी तर ओएस.आर्ग्जमधला पहिला शब्द घ्या, स्विच लावा, प्रत्येक सबकमांडला एक फ्लॅगसेट द्या. कोब्रा आणणं म्हणजे आळस." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

दोन वर्षांपूर्वी मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला होतो. जुने बॅकअप काढायचं एक टूल होतं, अगदी वरच्या कृतीने बनवलेलं. पावणेतीनला डिस्क भरत आल्याचा अलर्ट आला. काय काय जाईल ते आधी बघावं म्हणून मी टाइप केलं:

सफाई डिलीट बॅकअप -ड्रायरन

-ड्रायरन म्हणजे न पुसता नुसतं दाखव. तरी टूलने खरंच पुसलं. चार दिवसांचे बॅकअप गेले. कारण हे पॅकेज फ्लॅग नसलेला पहिला शब्द दिसला की तिथेच थांबतं. 'बॅकअप' हा शब्द आला आणि पार्सिंग, म्हणजे फ्लॅग ओळखायचं काम, संपलं. मागचं -ड्रायरन उरलेल्या आर्ग्युमेंटांच्या यादीत जाऊन पडलं, आणि त्या यादीकडे कुणी बघतच नव्हतं. एरर नाही, साधी सूचनाही नाही.

मी शेल हिस्टरी उघडून दाखवली. ड्रायरन लिहिलेलं सगळ्यांना दिसत होतं. तरी अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे 'निष्काळजीपणा' लागला. लिनक्सवरच्या जीएनयूच्या एलएस, ग्रेप या कमांडना फ्लॅग कुठेही दिला तरी चालतो, बोटांना तीच सवय असते. कोब्राच्या पोटातलं पीफ्लॅग पॅकेजही तेच करतं. ज्याला तुम्ही आळस म्हणता त्याने माझे बॅकअप वाचले असते.

स्टँडर्ड_लायब्ररी

तो सभासद मीच. तुमच्यावर आलं ते वाईट झालं, पण दोष चुकीच्या जागी लावताय.

पहिल्या बिनफ्लॅग शब्दाशी थांबायचं हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकाचा नियमही तोच आहे, ऑप्शन (फ्लॅग) आधी आणि ऑपरंड (बाकीचे शब्द) नंतर. जीएनयूने सोयीसाठी ती पुढेमागे करायची मुभा दिली, ही त्यांची वाढीव गोष्ट. तुमच्या टूलमध्ये पार्स झाल्यावर एनआर्ग, म्हणजे उरलेल्या शब्दांची संख्या, एकच आहे का, हे बघणारा एक इफ हवा होता. तो ज्याने लिहिला नाही त्याने तुमचे बॅकअप पुसले.

हे पॅकेज विचार करून बनवलेलं आहे. बूलियन (हो किंवा नाही) फ्लॅगला किंमत द्यायची तर बरोबरचं चिन्हच लागतं, जागा सोडून चालत नाही. का? तर -एक्स च्या पुढे तुम्ही * लिहिलंत (शेल तिथे फोल्डरमधल्या फाइलींची नावं घालतं) आणि त्या फोल्डरमध्ये 'फॉल्स' नावाची फाइल पडलेली असली, तर फ्लॅगचा अर्थच उलटा झाला असता. इतक्या बारकाव्याने केलेलं काम आहे. ते न वाचता लोक पहिल्या दिवशी गो मॉड्यूलमध्ये बाहेरची पॅकेजेस भरायला लागतात. तीन फ्लॅगच्या टूलला डिपेंडन्सीची रांग कशाला?

ऐरोली_नाइटशिफ्ट

डॉक्युमेंटेशन टूल लिहिणाऱ्याने वाचायचं असतं. मी टूल वापरणारा होतो. माझ्यासमोर फक्त हेल्प होती आणि तिच्यात -ड्रायरन छापलेलं होतं. ते शेवटी चालत नाही हे त्यात कुठे होतं?

दादर_फास्ट

कोब्राची आरती करणाऱ्यांनी माझंही ऐका. आमच्याकडे फ्लॅग पॅकेजवरचं टूल एका उत्साही मुलाने कोब्रावर नेलं. कोड सुरेख झाला. पण स्टँडर्ड पॅकेजला एक डॅश आणि दोन डॅश सारखेच. आमच्या सगळ्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये, -व्हर्बोज, -होस्ट असं एकाच डॅशने लिहिलेलं. पीफ्लॅग एका डॅशनंतरची अक्षरं सुटी सुटी वाचतं: -व्ही, -ई, -आर... पहिलंच ओळखीचं नसलं की एरर देऊन बाहेर. सगळी क्रॉन बंद. एररच्या मेल ज्या पत्त्यावर जात होत्या तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. सहाव्या दिवशी ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं.

स्टँडर्ड_लायब्ररी

हेच. चालत्या टूलला हात कशाला लावायचा?

ऐरोली_नाइटशिफ्ट

दादर_फास्ट, तुमच्या टूलने निदान एरर तरी दिली. माझ्या कमांडलाही कोब्राने हीच एरर दिली असती आणि मी दुसरा डॅश जोडला असता. बॅकअप जागेवर राहिले असते. एरर येणं आणि गुपचूप दुर्लक्ष होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अजगरप्रेमी

पायथनवाले सुखात आहेत असं समजू नका. तिथलं फ्लॅग वाचणारं आर्गपार्स लांब फ्लॅगचं अर्धवट नावही चालवून घेतं. कुणीतरी स्क्रिप्टमध्ये --आउट लिहितो, ते --आउटपुट म्हणून चालतं. वर्षाने --आउटलेट नावाचा फ्लॅग वाढला की ती स्क्रिप्ट मरते. अलाउ-अ‍ॅब्रेव्ह बंद करता येतं, करत कुणी नाही. आणि टाइप म्हणून बूल दिलंत तर 'फॉल्स' हा शब्दसुद्धा खराच धरला जातो, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी. यात माझी एक अख्खी शनिवार रात्र गेली आहे.

डोंबिवली_सहा_बावन्न

सगळे कोब्रा कोब्रा करताहेत म्हणून लिहिते.

आमचं टूल कोब्रातच आहे. गेल्या जुलैत कुर्ला आणि शीवच्या मध्ये रुळांवर पाणी, गाडी दीड तास जागची हललेली नाही. ऑफिसमधल्या ज्युनिअरचा मेसेज आला: ताई, ठाण्याचा डेटा काढायचा आहे, कमांड सांगा. मी आयफोनवर टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. दोन हायफन टाकले तर कीबोर्डने त्यांचा एक लांब डॅश केला. त्याने कॉपी करून चालवली:

अहवाल एक्स्पोर्ट —शहर=ठाणे

लांब डॅश हा कोब्राच्या पार्सरच्या दृष्टीने फ्लॅग नाही. तो साधा शब्द म्हणून आत गेला, शहराची अट लागलीच नाही, आणि सगळ्या शहरांचा डेटा ठाण्याच्या ग्राहकाला गेला. कोब्राने तोंडातून शब्द काढला नाही. कमांडचं आर्ग्ज हे फील्ड कोरं ठेवलं तर सबकमांड कितीही फालतू आर्ग्युमेंटं बिनतक्रार घेते. कोब्रा.नोआर्ग्ज असं आपण हाताने लिहावं लागतं, ते आमच्यात कुणी लिहिलं नव्हतं.

बीकेसी_एसआरई

कमांड व्हॉट्सअ‍ॅपवरून? ग्राहकांच्या डेटाची? ज्यांना हे योग्य वाटतं त्यांच्या हातात प्रॉडक्शनचा (चालू सिस्टिमचा) अ‍ॅक्सेस असूच नये. यात पार्सरचा काय संबंध?

डोंबिवली_सहा_बावन्न

तुमच्याकडे दोन शिफ्टला दोन माणसं असतील. आमच्याकडे मी एकटी. व्हीपीएन फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर, आणि गुडघाभर पाण्यात थांबलेल्या लोकलमध्ये लॅपटॉप उघडायला तुम्ही या कधीतरी. तो मुलगा पाच वाजेपर्यंत थांबू शकत नव्हता, ग्राहक फोनवर होता.

बीकेसी_एसआरई

मग त्याच्या हाताशी रनबुक, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली वही, हवं होतं.

दादर_फास्ट

रनबुक आमच्याकडे आहे. वर्डमध्ये. वर्डही दोन हायफनांचा लांब डॅश करतं आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं. आमच्या रनबुकातल्या निम्म्या कमांड कॉपी केल्यावर चालत नाहीत. नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतो, डॅश हाताने टाइप करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बॅकटिक लावूनही फायदा नाही, कारण कीबोर्डने बदल आधीच केलेला असतो.

अजगरप्रेमी

आयफोनमध्ये स्मार्ट पंक्चुएशन बंद करा. सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड. मी टीममधल्या सगळ्यांचं स्वतः बसून बंद केलं.

बीकेसी_एसआरई

फोन दुरुस्त करून प्रॉडक्शन सुरक्षित होत नसतं. कमांड फक्त रेपोतल्या (कोडच्या साठ्यातल्या) साध्या टेक्स्ट फाइलमधून जायला हवी. यात तडजोड नाही.

डोंबिवली_सहा_बावन्न

रेपोत आता ठेवल्या आहेत. "अ‍ॅक्सेस असूच नये" हे मात्र मागे घ्या. ती चूक मी स्वतः कळवली होती, वीस मिनिटांत.

बीकेसी_एसआरई

ते मागे घेतो. व्हॉट्सअ‍ॅपबद्दलचं मत तेच आहे.

गिरगाव_जुना_खांब

मी हे काम करायला लागलो तेव्हा एटी अँड टीने १९८५ साली खुलं केलेलं, फ्लॅग वाचणारं गेटऑप्ट हाच मोठा आधार होता. तरी कुणी ऐकलं नाही. टारला डॅश लागत नाही, डीडीला आयएफ आणि ओएफ बरोबरच्या चिन्हाने. एसएसएचला पोर्ट द्यायचा तर लहान पी, एससीपीला मोठा पी, आणि एससीपीचा लहान पी म्हणजे फाइलची वेळ जपणं. जगातल्या सगळ्या टूलना एक वळण लागणार नाही, तेव्हा वापरणारा चुकणारच हे धरून चाला.

ऐरोलीकर, तुमच्या टूलची खोड पार्सरच्या आधीची आहे. न सांगता पुसायचं, आणि पुसू नको म्हणायला फ्लॅग द्यायचा, हा क्रमच उलटा. फ्लॅग गळाला तर नुकसान झालं नाही पाहिजे. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म टूलमध्ये प्लॅन (नुसतं दाखव) आणि अप्लाय (खरंच कर) या दोन वेगळ्या सबकमांड आहेत ते बघा. शेवटी लटकलेला शब्द हरवू शकतो. पहिला शब्द चुकला तर स्विचच्या डिफॉल्टमध्ये एरर येते, अगदी साध्या फ्लॅग पॅकेजमध्येसुद्धा.

ऐरोली_नाइटशिफ्ट

काका, हे पटलं. दोन वर्षं मी फक्त पार्सरलाच शिव्या देत होतो. आणि कोब्राची सबकमांड काहीही गिळते हे मला माहीत नव्हतं. आमच्या नव्या टूलमध्ये आत्ता शोधलं, नोआर्ग्ज एकाही ठिकाणी नाही.

तरीही फ्लॅग 'सगळ्याला पुरतं' हे मी मान्य करणार नाही.

स्टँडर्ड_लायब्ररी

'सगळ्याला' हा शब्द मी जास्तीचा वापरला. काल रात्री माझी टूल्स उघडून बसलो. सात सबकमांडपैकी दोन ठिकाणी एनआर्ग तपासलेलंच नव्हतं, आणि त्यांतली एक डेटाबेसमधल्या ओळी काढणारी आहे. दुरुस्त केलं. सोबत मेनमध्ये एक छोटा लूप टाकला: कुठल्याही आर्ग्युमेंटचं पहिलं अक्षर एन डॅश किंवा एम डॅश (लांब डॅशचे दोन प्रकार) असलं तर "हा हायफन नाही, हाताने टाइप करा" असं सांगून बाहेर. हा लूप कोब्रातही तसाच चालेल, डोंबिवलीकरांनी घ्यावा. कोब्रा मी आणणार नाही.

डोंबिवली_सहा_बावन्न

घेतला. संदेश मराठीत ठेवला आहे. वाकड्या अवतरणचिन्हांची तपासणीही त्यातच जोडली.

दादर_फास्ट

आमच्या वर्डच्या रनबुकावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा. १४० पानं आहेत.