‘अडल्ट’ टॅगला मराठीत काय म्हणावं?

पऱ्हाटी (दारव्हा): एका हौशी व्हिज्युअल नॉव्हेलचं, म्हणजे चित्रांसह वाचायच्या, निवडीप्रमाणे वाट बदलणाऱ्या खेळ-कादंबरीचं, मराठी करतोय. गोष्ट कर्जात बुडालेल्या घराची. शय्यादृश्य एकच, तेही वगळता येतं. टॅग टाकला ‘प्रौढ’. बाबांनी वाचून विचारलं, रात्रीचे वर्ग पुन्हा सुरू झाले का? १९७८च्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमात ते शिकवायला जायचे. दुसरा शब्द सुचवा.

कोरडवाहू: ‘कामुक’ लिहा, मोकळे व्हा.

पऱ्हाटी: मग त्यासाठीच येणारे शिव्या देतील, अन् कर्जाची गोष्ट वाचणारे फिरकणार नाहीत.

वर्धाकाठ: शब्द बदलून भागणार नाही भाऊ. टॅग फक्त ‘आहे’ एवढंच सांगतो. किती, कुठं, टाळता येतं का, ते नाही. व्हीएनडीबी या अशा खेळांच्या नोंदीच्या संकेतस्थळावर वाचक टॅगला उणे ३ ते अधिक ३ गुण देतात, रहस्य फुटतं का तेही नोंदवतात. तरी ‘जबरदस्ती’ टॅग पाहून लेखक तिची मजा घेतो की चीड आणतो, हे कळत नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात निर्माता स्वतः चार ओळी लिहितो, त्या जास्त कामाच्या.

सरकी: रहस्याचाच त्रास आहे दादा. आत्महत्येचा प्रसंग मला वाचवत नाही. आपल्या भागात का, ते सांगायला नको. पण रहस्य फुटू नये म्हणून नेमका तोच टॅग लपवतात. पऱ्हाटीभाऊ, तुमच्या गोष्टीत आहे का?

पऱ्हाटी: आहे ताई. पण दोनपैकी एकाच वाटेवर. टॅग मात्र अख्ख्या खेळाला लागतो.

शुद्धमती: आधी ‘टॅग’ काढा. ‘खूणचिठ्ठी’ म्हणा.

कोरडवाहू: आमच्याइकडे ‘ण’चा ‘न’ होते राजेहो. खूनचिठ्ठी आली म्हनून लोक ठान्यात जातीन.

शुद्धमती: उच्चार सुधारा. आणि ‘प्रौढ’ अगदी योग्य आहे. प्र + ऊढ. ‘नवोढा’तली ऊढा म्हणजे विवाहिता. काव्यशास्त्रात मुग्धा, मध्या, प्रौढा अशा नायिका. प्रौढा ही रतिकलेत मुरलेली. शब्द बिघडवला तो साक्षरतावाल्यांनी.

वर्धाकाठ: सर, माही आजी प्रौढ वर्गात जात होती. जपून बोला.

कोरडवाहू: ‘चावट’ काऊन नाही चालत?

सरकी: चावट आम्ही माठ सांडणाऱ्या लेकराला म्हणतो. ते अठरा वर्षांवरच्या खेळावर लावायचं?

पऱ्हाटी: सध्या टॅगऐवजी दोन ओळीच लिहितो: कोणत्या वाटेवर काय आहे, अन् काय वगळता येतं. आत्महत्येचं पहिल्या ओळीत. रहस्य फुटलं तर फुटलं.

कोरडवाहू: ते राहू द्या. प्र + ऊढचं ‘प्रोढ’ व्हायले पाह्यजे ना? ‘प्रौढ’ कसं झालं, सर?

शुद्धमती: त्यासाठी स्वतंत्र वार्तिक, म्हणजे व्याकरणसूत्राला जोडलेला पूरक नियम, आहे. उद्या टाकतो.