दातांची जुनी चित्रं: सुरुवात कुठून करू?

रानजाई:
बीडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतो, सध्या वरचा सुळा चाललाय. मूळ कुठे वळतं ते आकृतीवरून कळेना म्हणून जुनी चित्रं शोधायला घेतली आणि त्यातच रमले. दात नीट बघून आधी कोणी काढले? काय पाहू? लॅटिन येत नाही.

जुनीपोथी:
थेट जॉन हंटर घ्या, अठराव्या शतकातला लंडनचा शल्यविशारद. 'द नॅचरल हिस्टरी ऑफ द ह्यूमन टीथ', लंडन, 1771. इंग्रजीत आहे, नेटवर फुकट वाचता येतं. 16 चित्रपानं आहेत, काढणारा यान फान रिम्सडाइक. जबड्याचं बाहेरचं हाड काढून मुळं उघडी दाखवलीत, तुम्हाला नेमकं तेच हवंय. दुधाच्या दातांखाली कायमचे दात कसे तयार होत असतात तेही ओळीनं लावलंय. उपदाढेसाठी 'बायकस्पिड' हा शब्द रूढ झाला तो याच पुस्तकामुळे. हंटरनं डुकरांना मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी) खाऊ घालून दातांची वाढही तपासली होती. त्या दिवसांत तयार झालेला थर लाल दिसतो. मला तर चित्रांइतकाच हा प्रयोग आवडतो.

नीलमोहोर:
चित्रांसाठीच बघायचं असेल तर लिओनार्दो दा विंचीला मागे ठेवू नका. 1489 च्या सुमाराचा कागद आहे, विंडसरच्या राजसंग्रहात. कवटी मधोमध कापलीय, गालाच्या हाडातली पोकळी दिसते. कडेला पटाशी, सुळा, उपदाढ, दाढ असे चार दात मुळांसकट सुटे काढलेत. दात हातात घेऊन काढलाय हे लगेच जाणवतं. हे कागद शतकानुशतकं छापलेच गेले नाहीत, त्यामुळे पुढच्यांच्या उपयोगी पडले नाहीत. याची फार हळहळ वाटते.

सातारकर:
मधला दुवा राहिला. शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियसनं 1543 मध्ये दाताच्या आतली पोकळी दाखवली, पण दुधाच्या दाताच्या मुळातूनच कायमचा दात उगवतो असं त्याला वाटे. इटलीतला शरीररचनेचा अभ्यासक बार्तोलोमेओ युस्टाकीनं गर्भ आणि नवजात बाळांचे जबडे उघडून ते खोडलं: दोन्ही दात वेगवेगळ्या अंकुरांतून येतात. त्याचं पुस्तक 1563 चं, व्हेनिसचं. फक्त दातांच्या रचनेवर लिहिलेला तो पहिला ग्रंथ मानतात. लॅटिन आहे, इंग्रजी भाषांतर शोधा.
आणि घरचं: चरकसंहितेत 360 हाडं मोजलीत, त्यात 32 दात आणि 32 दंतोलूखलं. दातांची उखळं! सुश्रुत दातांना 'रुचक' अस्थी म्हणतो. चित्रं नाहीत, पण उखळ म्हटलं की खोबण डोळ्यांपुढे येते.

जुनीपोथी:
सातारकर, उखळाचं फार छान. रानजाई, एक सांगायचं राहिलं. हंटर जिवंत माणसाचा दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत बसवण्याच्या बाजूचा होता आणि गरीब लोक पैशांसाठी दात विकत. पुस्तक वाचताना ते लक्षात असू द्या.

रानजाई:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद! रात्री हंटर उघडला. माझा मेणाचा सुळा शेजारी ठेवून बघितला, तर मूळ मी फारच आखूड कोरलंय. उद्या नवा ठोकळा घेते.