कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये सामन्याला २१ पॉइंट मारणारा गार्ड (बॉल पुढे आणणारा, सहसा कमी उंचीचा खेळाडू) एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, टिकेल का, हे कशावरून ओळखायचं?

पिवटफूट:
ड्राफ्टसाठी (एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यासाठी) माझी यादी करतोय आणि एका साच्याच्या खेळाडूपाशी दरवेळी गाडी अडते. ६ फूट २ इंच, वय २२, कॉलेजचं चौथं वर्ष, कॉन्फरन्स (कॉलेज संघांचा गट) मध्यम. सरासरी २१ पॉइंट, थ्री (तीन पॉइंटच्या रेषेबाहेरचे शॉट) ३९ टक्के, असिस्ट (बास्केट मिळवून देणारे पास) ४, टर्नओव्हर (बॉल गमावणं) ३.५. हायलाइट्स पाहिले की पहिल्या फेरीतला वाटतो. पण असे कितीतरी जण दोन वर्षांत लीगबाहेर जातात. कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा आणि फिल्ममध्ये काय बघायचं?

कोपऱ्यातला थ्री:
२१ पॉइंट आधी झाकून ठेवा. कोचने त्याच्या हातात बॉल किती दिला, एवढंच त्यावरून कळतं. त्याऐवजी ट्रू शूटिंग, म्हणजे प्रयत्नांच्या मानाने पॉइंट किती आले ते, काढा: एकूण पॉइंट भागिले [२ × (फील्ड गोलचे, म्हणजे चालू खेळातल्या शॉटचे, प्रयत्न + ०.४४ × फ्री थ्रोचे प्रयत्न)]. मग हाच आकडा फक्त तगड्या संघांविरुद्धच्या सामन्यांचा वेगळा काढा. इथेच बऱ्याच जणांचं पितळ उघडं पडतं.

३९ टक्के किती प्रयत्नांवर आहेत? १५० थ्री असतील तर निव्वळ योगायोगानेच ४ टक्के इकडेतिकडे होतात, म्हणजे ३५ आणि ४३ मध्ये फरकच करता येत नाही. म्हणून फ्री थ्रोही बघा, तिथे ना डिफेन्डर ना अंतराचा फरक. पुढे एनबीएत स्टार झालेल्या कावाय लेनर्डची सॅन डिएगो स्टेट कॉलेजमधल्या दुसऱ्या वर्षाची थ्री फक्त २९ टक्के होती, पण फ्री थ्रो ७६ टक्के. हात वाईट नव्हता, हे त्यात दिसत होतं.

अंतराचंही आहेच. कॉलेजची रेषा २२ फूट १¾ इंचांवर, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर (कोपऱ्यात मात्र २२ फूट, म्हणजे किंचित जवळच). रेषेच्या एक पाऊल मागून मारलेले थ्री वेगळे मोजा.

मला खरी खटकते ती ४ असिस्टला ३.५ टर्नओव्हर ही जोडी. आणि वय. २२ व्या वर्षी १९ च्या पोरांना हरवतोय, तर त्याची पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पानं उघडून बघा.

वीकसाइड:
आकडे ठीक, पण असे गार्ड बाहेर पडतात ते डिफेन्समुळे. कॉलेजात गाजलेला गार्ड जिमर फ्रेडेट, त्याचं नाव काढल्याशिवाय हा विषय संपतच नाही: २०१०-११ मध्ये देशात सर्वाधिक २८.९ सरासरी, ड्राफ्टमध्ये १० वा. त्याचा थ्री एनबीएतही पडत होता. स्वतःसाठी जागा काढणं आणि समोरच्याला अडवणं जमलं नाही.

फिल्मसाठी हायलाइट्स नकोत. सर्वांत चांगल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे चार पूर्ण सामने घ्या आणि बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघा. स्क्रीनवर (वाट अडवून उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्यावर) अडकतो की अंग चोरून वरून निघतो? मदतीला गेल्यावर कोपऱ्यातल्या शूटरपर्यंत परत पोचतो का? कोच त्याला कोणावर लावतो? समोरच्या सर्वांत निरुपयोगी माणसावर लावत असेल, तर उत्तर कोचनेच दिलं आहे.

ड्राइव्ह (बॉल घेऊन बास्केटकडे घुसणं) मोजताना एक लक्षात घ्या. कॉलेजात डिफेन्सिव्ह थ्री सेकंद हा नियम नाही, त्यामुळे डिफेन्सचा उंच माणूस पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत) कोणाला न अडवताही तीन सेकंदांहून जास्त ठाण मांडून बसू शकतो. एनबीएत वाट मोकळी मिळते, पण अंगावर येणारा हात लांब असतो. त्यामुळे बॉल गेला की नाही यापेक्षा पहिल्या पावलात डिफेन्डर मागे पडला का, ते लिहा.

बाउन्सपास:
उंचीवरून इतक्या लवकर फुली मारू नका. एनबीएत स्टार झालेला जेलन ब्रन्सन ६ फूट २ इंचच, तीन वर्षं व्हिलनोव्हा कॉलेजात, २०१८ ला ३३ वा गेला. शेवटच्या वर्षी असिस्ट ४.६, टर्नओव्हर १.८. वेग बेताचाच, पण दोन्ही पायांवर थांबून खांद्याने जागा करायचा, आणि ते मोठ्या खेळाडूंसमोरही चाललं. कम्बाइनच्या (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांच्या) मापांत उंचीपेक्षा हातांचा पसारा आणि उभ्याने पोच बघा. बेंच प्रेसकडे दुर्लक्ष करा. पुढे एनबीएचा मोठा स्टार झालेल्या केविन ड्युरॅन्टला २००७ मध्ये त्यात १८५ पौंड एकदाही उचलता आले नव्हते.

पिवटफूट:
त्याचा संघ जवळजवळ सगळा वेळ झोनच खेळतो, म्हणजे प्रत्येक जण माणूस नव्हे तर आपला भाग सांभाळतो. मग डिफेन्स कसा मोजू?

वीकसाइड:
झोन मोडतो तेव्हाचे क्षण वेचा: फास्ट ब्रेकमधलं परतणं, आणि शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) संपत आल्यावर त्याच्यावर काढलेलं आयसोलेशन (एकास एक हल्ला). चार सामन्यांत मिळून वीसेक तरी सापडतील. तिथे पाय हलत नसतील तर दुसऱ्या फेरीच्याही शेवटी ठेवा, किंवा टू-वे करारासाठी (एनबीए संघ आणि त्याचा खालच्या लीगमधला संघ, दोन्हींकडून खेळायचा करार). त्या तीन जागा संघाच्या १५ जणांच्या बाहेरच्या असतात, त्यामुळे चुकला तरी फार महाग पडत नाही.

कोपऱ्यातला थ्री:
आणि बॉल हातात नसताना काय करतो तेही त्याच वीस क्षणांशेजारी लिहा. बेंचवरून येऊन १२ मिनिटं मिळाली तर बॉल दुसऱ्याच्याच हातात असणार. कॅच करून लगेच मारतो का, की आधी दोन ड्रिबल लागतातच?