टॉर ब्राउझर मध्येच अडकतो. घड्याळ मात्र बरोबर आहे

प्रश्न : खाडीकाठचा, दापोली तालुका (8 जुलै)

नमस्कार. मी तालुक्याच्या साप्ताहिकासाठी बातम्या लिहितो. खाडीतील वाळूउपशाविषयी माहिती देणारी माणसे नाव फुटण्याच्या धास्तीने बोलत नाहीत, म्हणून टॉर, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता लपवणारा ब्राउझर, वापरू लागलो. गेल्या आठवड्यात पावसात वीज सारखी जात-येत राहिल्याने जुना संगणक बिघडला आणि दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकून तारीख-वेळही लावून दिली. तेव्हापासून टॉरची जोडणी थोडी पुढे सरकून थांबते. बाकी संकेतस्थळे उघडतात. एखाद्यावरच असुरक्षित असल्याची सूचना येते. घड्याळ मनगटावरच्याशी ताडून पाहिले, मिनिटाचाही फरक नाही. सेवा देणाऱ्या कंपनीनेच टॉर अडवला असेल का?

उत्तर : जुना जाणता

शक्य आहे. टॉरच्या रिलेंची, म्हणजे आपली माहिती टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या संगणकांची, यादी सार्वजनिक असल्याने ते अडवणे सोपे असते. ब्रिजचे, म्हणजे टॉरमध्ये शिरण्यासाठीच्या जाहीर न केलेल्या रिलेंचे, पत्ते मात्र त्या यादीत नसतात. सेटिंगमध्ये स्नोफ्लेक हा ब्रिजचा प्रकार निवडून पाहावे.

प्रश्नकर्ता

स्नोफ्लेक लावूनही तेच. टॉरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या यादीत) आपले घड्याळ 30 दिवस पुढे असल्याचा संदेश आहे, पण कोपऱ्यात 8/7 अशी आजचीच तारीख दिसते.

उत्तर : मालवणकर

घोटाळा त्या 8/7 मध्येच आहे. नव्याने टाकलेले विंडोज बहुधा अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी, तारीख दाखवत असावे. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ व्यवस्थेतही) बहुतेक वेळा महिनाच आधी असतो. आपण ज्याला 8 जुलै म्हणता ती संगणकाच्या लेखी 7 ऑगस्ट आहे. टॉरच्या जाळ्याची रिलेंची यादी दर तासाला नव्याने निघते आणि काही तासांतच शिळी होते, त्यामुळे महिनाभर पुढे असलेला संगणक ताजी यादीसुद्धा कालबाह्य ठरवतो. संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे महिनोन्‌महिने चालतात, म्हणून बँक उघडते आणि ज्याची मुदत संपत आली आहे तेच कुरकुरते. तारीख दुरुस्त करून वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करावी. तसेच मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर-2032 बॅटरी बदलावी. ती मेली असेल, तर वीज गेली की घड्याळ पुन्हा भरकटेल.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. तारीख बदलताच मिनिटभरात जोडणी झाली. आता सुरक्षिततेसाठी वर व्हीपीएनही (आपली जोडणी दुसऱ्या कंपनीच्या संगणकावरून नेणारी सेवा) घ्यावे का?

उत्तर : मालवणकर

माझ्या मते नको. टॉरमध्ये पहिल्या रिलेला आपला पत्ता दिसतो पण आपण कुठे जाता ते कळत नाही, आणि शेवटच्या रिलेला नेमके उलटे. व्हीपीएनमुळे भरवसा ठेवण्याजोगा आणखी एक मध्यस्थ तेवढा वाढतो. आपण टॉर वापरता हे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला कळू नये, एवढेच हवे असेल तर ब्रिज पुरतो.

माणसे उघडी पडतात ती बहुधा सवयींमुळे. त्याच ब्राउझरमधून स्वतःच्या नावाच्या ईमेलमध्ये शिरू नये, वेगळी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी साधने) टाकू नयेत, आणि आलेली फाइल इंटरनेट चालू असताना दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडू नये, कारण तो प्रोग्राम टॉरला वळसा घालून थेट बाहेर जाऊ शकतो. सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे छायाचित्रे. मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असेल, तर वाळू उपसणाऱ्या ड्रेजरच्या फोटोबरोबर तो टिपणारा कोणत्या जेटीवर किती वाजता उभा होता हेही फाइलमध्ये येते, आणि टॉर ते पुसत नाही. फोटो छापण्यापूर्वी किंवा पुढे पाठवण्यापूर्वी ही माहिती काढून टाकावी, आणि मूळ फाइल कार्यालयाच्या सामायिक संगणकावर ठेवू नये.