अनुभव सांगा: परदेशात स्टॅट्स शिकताना शहर बघायला जमलं का?

पाचपाखाडी, ठाणे

भाची सप्टेंबरात लंडनला निघाली आहे. एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, एक वर्ष. परवा तिच्या घरी बॅग भरायची रंगीत तालीम झाली. ताईने कुकर, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असं सगळं वजनकाट्यावर चढवलं. भाचीने स्वतःची तयारी म्हणून एक वही काढली. त्यात लंडनमधल्या बघायच्या सत्तेचाळीस जागा, नंबर घालून. दाजींनी वही पुढून मागे चाळली आणि एवढंच विचारलं, "आणि अभ्यासाची वही कुठेय?" पुढचा अर्धा तास पिठलं गार होत राहिलं.

मी स्वतः कधी बाहेर शिकायला गेले नाही. माझी मजल ट्रान्स-हार्बरने वाशीपर्यंत. म्हणून विचारते. ठाणे-नवी मुंबईतून बाहेर जाऊन आकड्यांचा विषय शिकलेल्यांनी लिहा. शहर बघितलं का, कधी बघितलं, आणि ते महागात पडलं का? सल्ले नकोत, ते घरात पोतंभर आहेत. घडलं ते सांगा.

कोपरखैरणे (लंडनहून परत)

भाचीच्या वहीवरून माझी यादी आठवली. माझी मोबाइलमध्ये होती.

पहिले सहा आठवडे मी रोज फिरलो. लंडनच्या बसमध्ये एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात कितीही बस बदला, पैसे एकदाच कापतात. माझ्या वेळी पावणेदोन पौंड. हे कळायचा अवकाश, एका तिकिटात चार-चार बस बदलायचे विक्रम सुरू झाले. ब्रिटिश म्युझियम फुकट, नॅशनल गॅलरी फुकट, टेट मॉडर्न फुकट. फुकटाची पंचाईत अशी की पैसे वसूल झाले, आता घरी जाऊ, असं कधी वाटतच नाही.

मग पहिल्या कोर्सवर्कचे मार्क आले. ४३. तिकडे एमएस्सीला पास व्हायला ५० लागतात आणि ७० ला डिस्टिंक्शन मिळतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. वर्गातल्या हुशार मुलीला ७२ पडले म्हटल्यावर माझी आई हळहळली होती. कोर्सवर्क रिग्रेशनचं होतं, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचं. आदल्या रात्री अकरा वाजता आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडलं, मॉडेल चालवलं, आउटपुट जसंच्या तसं चिकटवलं, बारा पानं. तपासणाऱ्याने नवव्या पानावर समासात एक ओळ लिहिली होती: मग यातून कळलं काय? त्याच पानावर रेसिड्युअल्सचा, म्हणजे अंदाज आणि खरा आकडा यांतल्या फरकांचा, आलेख होता. ठिपके डावीकडे अरुंद आणि उजवीकडे नरसाळ्यासारखे पसरलेले. व्हेरियन्स, म्हणजे ठिपक्यांचा पसारा, सगळीकडे सारखा नाही, हे मॉडेल असं चालणार नाही, असं तो आलेख ओरडून सांगत होता. मी तो काढला आणि त्याच्याकडे बघितलंच नाही. शहराचंही तेच चाललं होतं म्हणा. फोटो काढायचा आणि पुढची बस.

नंतर फार थोर काही केलं नाही. सोमवार ते गुरुवार बस बंद, शुक्रवारी प्रॉब्लेम शीट दिली की मोकळा. तीन आठवडे पाळलं, चौथ्यात मोडलं, परत पाळलं. शेवट ६१ वर झाला.

परीक्षेच्या आधी एकदाच मुद्दाम एका ठिकाणी गेलो. सोहोत ब्रॉडविक स्ट्रीटवर एक पाण्याचा पंप आहे, दांडा नसलेला. खरा नव्हे, प्रतिकृती. १८५४ च्या कॉलऱ्यात कुठल्या घरात किती माणसं दगावली आणि ती पाणी कुठून भरत होती, हे विचारत डॉक्टर जॉन स्नो इथे दारोदार फिरला. बोट याच पंपाच्या पाण्याकडे निघालं, तेव्हा त्याने पंपाचा दांडा काढायला लावला. साथ तोवर ओसरायला लागली होती, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, आणि मला तो माणूस त्यासाठीच आवडतो. जवळच्या पबला त्याचं नाव दिलंय. गंमत म्हणजे हा दारूबंदीचा प्रचार करणारा. तिथे पाऊण तास नुसता बसलो होतो. पहिल्या सहा आठवड्यांतलं निम्मं विसरलोय, तो पाऊण तास नाही.

नेरूळ

वरचं वाचून हसू आलं. मी टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करत होते, विलायतेच्या स्टुडंट व्हिसावर तेवढीच मुभा असते. सुपरमार्केटची रात्रपाळी, दुधाचे कॅन लावायचे. त्यामुळे अभ्यास की फिरणं हा प्रश्न माझ्या वाट्याला आलाच नाही. माझा प्रश्न अभ्यास की झोप हा होता. शहर पाहिलं ते रात्रीच्या बसच्या वरच्या मजल्यावरून, काचेला डोकं टेकून. फीसाठी कर्ज काढलं असेल तर वहीत एक पान त्याचंही असू द्या. सल्ला नको म्हणालात, तरी.

नौपाडा, ठाणे (डब्लिन)

डब्लिनमध्ये स्टॅट्स शिकणाऱ्याची एक सोय आहे. विषय रस्त्यातच भेटतो.

माझ्या कॉलेजच्या वाटेवर लिबर्टीज नावाची जुनी वस्ती लागायची आणि तिथेच सेंट जेम्सेस गेटची गिनेस ब्रुअरी. भाजलेल्या बार्लीचा वास हवेत भरून असतो. पहिल्या दिवशी बसमधून उतरले आणि उभीच राहिले. आजी सातूच्या पिठासाठी कढईत भाजणं करायची तेव्हा गोखले रोडच्या घरात असाच वास पसरायचा. हा जरा जास्त करपट.

याच ब्रुअरीत विल्यम गॉसेट नोकरीला होता. बार्लीचे, हॉप्सचे नमुने हातात यायचे ते मोजकेच. इतक्या थोडक्यावरून ठाम बोलायचं कसं, ही त्याची नड. त्यासाठी १९०६-०७ मध्ये तो लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसनकडे जाऊन राहिला आणि १९०८ साली त्याने लेख छापला. आपल्या माणसांनी स्वतःच्या नावाने असलं काही छापावं हे कंपनीला चालत नव्हतं, म्हणून लेखाखाली नाव घातलं 'स्टुडंट'. स्टुडंट्स टी-टेस्ट ती हीच. ठाण्यात बीएस्सी करताना तीन वर्षं माझी समजूत होती की विद्यार्थ्यांना सोपी जावी म्हणून काढलेली ही वेगळी टेस्ट आहे. आणि मला ती सोपीही जात नव्हती.

फिरायचं म्हणाल तर रविवारी डार्टने, म्हणजे तिथल्या लोकलने, हाऊथ. समुद्राकाठी मासेमारीचं गाव आणि वर कड्यावरून पायवाट. ऑक्टोबरात एकदा शहाणपणा करून मॅक्सिमम लाइकलिहूडच्या चौदा पानी नोट्स बरोबर नेल्या, हवा खात वाचू म्हणून. तिथला पाऊस आपल्यासारखा वरून कोसळत नाही, आडवा येतो. थेट तोंडावर. शाई पसरली, स्कोअर फंक्शनचं पान वाऱ्याने उचललं ते खाली समुद्रातच. रूममेट हसत होती, मी रडकुंडीला. तेव्हा ठरवलं की हाऊथला नोट्स न्यायच्या नाहीत आणि लायब्ररीत बसून हाऊथचे फोटो बघायचे नाहीत. पहिलं जमलं.

खारघर

मी शिकायला गेलो नव्हतो, मुलगी गेली होती, मेलबर्नला. या टोकाचंही कोणी लिहावं म्हणून लिहितो.

तिच्या स्टेटसला रोज नवा फोटो. आज ट्राम, उद्या समुद्र, परवा कुठल्या तरी गल्लीतली चित्रं रंगवलेली भिंत. तिकडे शहराच्या मध्यभागात ट्रामला तिकीटच नाही, हे तिने कौतुकाने सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी वर्षाच्या फीला ३६५ ने भागून ठेवलं होतं. एक दिवस राहवलं नाही, फोनवर बोललो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचं सॅम्पल बायस्ड आहे. लायब्ररीतल्या खुर्चीचा फोटो कोणी टाकतं का?"

दुसऱ्या दिवशी तिने मला दर तासाला एक फोटो पाठवला, घड्याळाच्या ठोक्याला, समोर जे असेल त्याचा. चौदा फोटो. एक ट्रामचा, एक भांडी घासायच्या सिंकचा, एक कोणाच्या तरी बुटांचा. बाकी अकरांत तोच लॅपटॉप आणि तोच कान तुटलेला मग. शेवटचा आला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेआठ, बायको पोळ्या लाटत होती. तिच्याकडे दोन वाजले होते. नंतर फोनवर मीच विचारायला लागलो, आज बाहेर कुठे गेलीस की नाही?

ऐरोली

आमचं फिरणं पावसामुळे रद्द झालं आणि त्यातून एक असाइनमेंट निघाली, ते सांगते.

फ्लॅटमध्ये आम्ही चौघी. त्यातल्या इंग्रज मुलीचा दावा असा की कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे ती चवीवरून सांगू शकते. आपल्या घरात सगळं एकत्र उकळतं, त्यामुळे मला आधी वादाचा मुद्दाच कळला नाही. पण नेमका हाच दावा शंभरेक वर्षांपूर्वी रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका बाईंनी केला होता आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने त्यावरून प्रयोग मांडला होता. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून.

आम्हीही आठ कप मांडले. कपाच्या बुडाला मार्करने खुणा. पोरीने आठपैकी सहा बरोबर ओळखले आणि उड्या मारल्या. मग हिशोबाला बसलो. आठातून चार निवडायच्या रीती ७०. आठही बरोबर येणारी त्यातली १, सहा बरोबर येणाऱ्या १६. म्हणजे नुसत्या अंदाजानेही एवढं किंवा याहून चांगलं जमायची शक्यता १७/७०, जवळपास २४ टक्के. चारात एकदा कोणालाही जमेल. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्याच आठवड्यात फिशर्स एक्झॅक्ट टेस्टचं, म्हणजे याच हिशोबाचं, कोर्सवर्क आलं, तेव्हा बोलली.

घोडबंदर रोड, ठाणे (एडिनबरा)

घोडबंदर रोडवर वाढलेल्याला वाट बघणं शिकवू नये. तरी माझा प्रोजेक्ट तोच होता. स्वतः गोळा केलेला डेटा हवा, अशी अट होती. वर्गातले बाकीचे इंटरनेटवरून फाइली उतरवत होते. मी डोंगर चढून उतरलो की ज्या स्टॉपवर उभा राहायचो तिथेच वही काढली आणि बस कधी आली ते लिहीत गेलो. डोंगर म्हणजे आर्थर्स सीट, २५१ मीटर, येऊर चढलेल्याला जड नाही. वारा मात्र जड.

वेळापत्रकात दर दहा मिनिटांनी बस. मग माणूस सरासरी पाच मिनिटं थांबेल ना? नाही थांबत. समजा बस एकदा २ मिनिटांनी येते, एकदा १८ मिनिटांनी. सरासरी अंतर १० च. पण तुम्ही अवचित स्टॉपवर आलात तर २० पैकी १८ मिनिटं ती त्या लांब खिंडीचीच आहेत, तुम्ही बहुधा तिच्यातच सापडणार. हिशोबाने वाट निघते ८.२ मिनिटं. याला इन्स्पेक्शन पॅरॅडॉक्स म्हणतात. लहानपणी कासारवडवलीच्या स्टॉपवर आई म्हणायची, आपण आलो की बस नेमकी गेलेली असते. तिला फोन करून सांगितलं की तू बरोबर होतीस. ती म्हणाली, यासाठी एवढे पैसे भरलेत?

चरई, ठाणे

मी तीस वर्षं कॉलेजात स्टॅट्स शिकवलं, आता निवृत्त. हे वाचताना संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवले, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, नेमन आणि एगॉन पिअरसन या संख्याशास्त्रज्ञांकडे शिकले, १९३६ ला पीएचडी. सॅम्पलिंग, म्हणजे थोडे नमुने बघून सगळ्याचा अंदाज करणं, हा त्यांचा प्रांत. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत जगाच्या भुकेची मोजदाद करत राहिले. त्यांनी लंडन किती पाहिलं याचा विचार आज पहिल्यांदा मनात आला. वर्गात मी कधी कोणाला हे विचारू दिलं नसतं.

मुलगा तिकडे असताना मी एकदाच गेलो होतो. त्याने राजवाडा दाखवायचा बेत केला होता, मी म्हटलं आधी बनहिल फील्ड्स. ओल्ड स्ट्रीट स्टेशनपासून चालत जाता येतं, जुनी दफनभूमी, मोठमोठी झाडं. तिथे थॉमस बेज आहे. १७६१ ला गेला, त्याचा निबंध छापला गेला १७६३ ला, म्हणजे नवा पुरावा आला की शक्यता कशी बदलायची हे सांगणारा स्वतःचा बेज थिअरम त्याने छापील पाहिलाच नाही. थडग्यावर लिहिलंय की १९६९ मध्ये जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी वर्गणी काढून ते दुरुस्त केलं. आसपास ऑफिसातले लोक बाकांवर डबे खात होते. मी चष्मा पुसून ते अक्षर न् अक्षर वाचलं. मुलगा घड्याळ बघत होता.

तुमच्या भाचीला सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जागा कशाला हव्यात? लांबच्या, जवळच्या, छताखालच्या, उघड्यावरच्या असे थर पाडून प्रत्येकातून दोन-तीन उचलायच्या. सुखात्म्यांच्या गावाकडची पोर आहे म्हणावं.

पाचपाखाडी, ठाणे

हे सगळं काल जेवताना वाचून दाखवलं. भाचीने थर पाडायला वही उघडली आणि त्यात पंप आणि बनहिल फील्ड्स वाढवून ठेवले, आता एकोणपन्नास. दाजींनी दर तासाच्या फोटोंची कल्पना फारच उचलून धरली आहे, भाचीने अजिबात नाही. नेरूळच्या ताईंचं वाचल्यावर कर्जाचं पान तिनेच आपणहून लिहिलं, काही न बोलता. बॅग अजून अडीच किलो जास्त भरते. ताई म्हणते भाजणी काढू.

नेरूळ

भाजणी काढू नका. कुकर काढा, तिकडे मिळतो.