बैठकीच्या लावणीची अदा मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत कशी पोचवावी?

प्रश्न (पैंजणवेडी)
बैठकीची लावणी मोजक्या माणसांपुढे होते, पापणी लवली तरी दिसते. तीच ८०० खुर्च्यांच्या नाट्यगृहात केली की मागे काही पोचत नाही. हावभाव वाढवले, तर तोंड वेडावल्यासारखं वाटतं. आरशापुढे रोज अर्धा तास सराव आहे. काय बदलावं?

अदाकारी
हावभाव वाढवू नका, थांबा वाढवा. आधी नजर, मग मान, मग भुवई, सगळ्यात शेवटी ओठ. नजर शब्दाच्या अर्धी मात्रा (तालाचा अर्धा ठोका) आधी निघायला हवी आणि भाव पूर्ण झाला की दोन मात्रा चेहरा स्थिर. चारही गोष्टी एकदम हलल्या की वेडावणं होतं. नाट्यशास्त्रात ३६ दृष्टी आणि भुवयांच्या ७ हालचाली वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. सरावही तसाच सुटासुटा करा.

समजा ओळ आहे, 'आज उशीर का केला?' रुसव्यात नजर खाली कोपऱ्यात, पण हनुवटी वर. संशयात एकच भुवई, मान अजिबात हलत नाही. थट्टेत खालची पापणी किंचित वर चढते. काळजी सगळ्यात अवघड: भुवयांची फक्त आतली टोकं वर जायला हवीत. अख्खी भुवई उचलली की काळजीचं आश्चर्य होतं!

आणि ओठांवर विसंबू नका. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावंत बसून गात आणि अदाही करत. गाताना तोंड सुरात गुंतलेलं असतं, त्यामुळे काम डोळ्यांनाच करावं लागतं.

रंगपट
निम्मा दोष दिव्यांचा असतो. प्रकाश थेट डोक्यावरून आला की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, मग कितीही अदा करा. समोरून साधारण ४५ अंशांतून दिवा मागून घ्या. काजळ पापणीच्या आत भरलं की लांबून डोळा बारीक दिसतो. खालची रेघ पापणीच्या केसांच्या किंचित खाली ओढा आणि बाहेरच्या कोपऱ्यात वरच्या रेघेला जोडू नका, फट ठेवा. नथ डाव्या बाजूला असते, ओठाचा तो कोपरा झाकतो. मिश्कील हसू उजव्या कोपऱ्यातून काढा.

तालमास्तर
आरशाचं जरा कमी करा. आरशात माणूस स्वतःच्याच डोळ्यांत बघतो, म्हणून नजर फिरतच नाही. मोबाइल शेवटच्या रांगेत ठेवा, झूम न करता चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. लावणी माहीत नसलेल्याला भाव ओळखायला सांगा.

लयही बघा. बालेघाटी हा लावणीचा प्रकार संथ, तिथे शब्दागणिक भाव बदलता येतो. छक्कड हा प्रकार चटकदार, तिथे एका ओळीला एकच भाव, नाहीतर चेहऱ्याची नुसती धावपळ.

पैंजणवेडी
नथीचं डोक्यातच आलं नव्हतं! मधे पेटीचा तुकडा वाजतो तेव्हा चेहऱ्याचं काय करायचं?

अदाकारी
आधीच्या ओळीचा भाव अर्ध्यावर आणून तिथेच धरा. पूर्ण सोडला की चेहरा कोरा पडतो, आणि तसाच ताणून धरला की गाल थरथरतात. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी एकदा पापण्या मिटा. समेवर डोळे उघडताना पुढचा भाव आलेला हवा.